सिंधूची चूल, महाडचा निरोप

गेल्या हिवाळ्यात अभ्यासवर्गातली तीन पोरं घेऊन मी अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगरला 'एकच प्याला' बघायला गेलो. आमच्या तोंडात अजून औरंगाबादच बसलेलं आहे. हौशी मंडळींनी ते जुनं संगीत नाटक पुन्हा उभं केलं होतं. पोरांना वाटलं, काकांचं डोकं फिरलं. नाटक शंभर वर्षांपूर्वीचं, पदं लांबलचक, भाषा अलंकारांनी लगडलेली. मी म्हटलं, चला तर खरं. ज्या थेटरात आपल्या आज्या-पणज्यांना जागा नव्हती, तिथं बसून लोक कशासाठी रडत होते ते एकदा डोळ्यांनी बघू.

पहिल्या अंकात पोरं चुळबुळ करत होती. तळीरामाच्या 'आर्य मदिरा मंडळा'वर हसली. शेवटच्या अंकात गप्प झाली. तान्हं मेलं, सिंधू मेली, सुधाकरानं शेवटचा प्याला तोंडाला लावला, आणि आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून बसले. मीही रडलो. अंधार होता म्हणून बरं.

नाटक सुटल्यावर स्टँडवर चहा घेताना सगळ्यांत धाकट्यानं विचारलं, "काका, ती बाई त्याला सोडून का गेली नाही? भाऊ तर पैशाअडक्याचा होता."

मी म्हटलं, "बाळा, त्या काळी तसंच होतं."

पोरगं म्हणालं, "त्या काळी बाबासाहेबपण होते की!"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शंभर किलोमीटरची वाट मी खिडकीला डोकं लावून आलो. मित्रांनो, हा लेख त्या पोराच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी नाटकाचा इतिहास बघू. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले. वय अवघं तेहतीस. 'एकच प्याला' त्यांच्या मागं फेब्रुवारी १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला रंगभूमीवर आणलं. नाटकाची पदं गडकऱ्यांना लिहायला मिळाली नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू झाले बालगंधर्व. भरजरी शालू नेसणारे बालगंधर्व फाटक्या लुगड्यात उभे राहिले आणि महाराष्ट्र हळहळला. २०१९ मध्ये नाटकानं शंभरी गाठली. तेव्हापासून आजवर सिंधू म्हणजे मराठी घराची आदर्श गृहिणी, असं मानणारा वर्ग संपलेला नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. सुधाकर हुशार वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद काही काळ जाते. तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढं घर धुऊन निघतं. सिंधू दळणं दळून दिवस काढते. नशेत नवऱ्याच्या हातून तान्हं मूल मरतं, ती स्वतः जखमी होते. आणि फौजदार घरात येतो तेव्हा मरता मरता ती खोटं बोलते. नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. थेटरातले लोक सगळ्यांत जास्त रडतात ते इथं.

आता दुसऱ्या बाजूला बघा. गडकरी गेले त्यानंतर चौथ्या दिवशी, २७ जानेवारी १९१९ ला, मुंबईत साऊथबरो कमिटीपुढं सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी साक्ष दिली. अस्पृश्यांना मताचा हक्क पाहिजे, स्वतःचे प्रतिनिधी पाहिजेत, असं मांडलं. पुढच्या वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला, 'मूकनायक' निघाला. एकाच महिन्यात एका महाराष्ट्राचा नाटककार जातो आणि दुसऱ्या महाराष्ट्राचा वकील उभा राहतो. माझ्या शाळेच्या पुस्तकात पहिला होता. दुसऱ्याची ही तारीख मला तिशीत कळली. तेव्हा पोरगं बरोबर बोललं होतं. त्या काळी बाबासाहेबपण होते.

पण प्रश्न सिंधूचा आहे. ती का जात नाही? प्रेम म्हणून? प्रेम असेलही. पण गडकऱ्यांनी तिच्या अंगात जे घातलं ते फार जुनं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे की नवरा दुर्वर्तनी असो, बाहेरख्याली असो, त्याच्यात एकही गुण नसो, साध्वीनं त्याची देवासारखी सेवा करावी. सिंधू हा श्लोक जगते. शिकलेला, पुस्तकं वाचणारा, सुधारणेवर टाळ्या वाजवणारा समाज त्या श्लोकासाठी थेटरात तिकीट काढून रडत होता. गडकऱ्यांचा हेतू दारूविरुद्ध होता हे मी नाकारत नाही. दारूनं घर कसं बुडतं हे त्यांच्याइतकं ताकदीनं मराठीत फार थोड्यांनी दाखवलं. पण दारूवर औषध म्हणून त्यांनी बाईचं मरण दाखवलं. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावते. तिला बघून लोक हसतात. म्हणजे सोसणाऱ्या बाईला आसवं, उलटं बोलणाऱ्या बाईला हशा. वाटणी ठरलेली होती.

आठ वर्षं गेली. १९२७ चा डिसेंबर. महाडला २५ तारखेला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. दरवर्षी आपण तो दिवस पाळतो. पण त्याच परिषदेला जमलेल्या आपल्या बायांपुढं बाबासाहेब वेगळे बोलले, ते आपण कमी सांगतो. लुगडं कसं नेसावं, अंगावरच्या जातीच्या खुणा कशा टाकाव्यात, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नये, मुलामुलींना शाळेत घालावं, हे सगळं ते बोलले. आणि एक गोष्ट सांगितली: नवरा असो की मुलगा, दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका.

पुन्हा एकदा वाचा. पोथी जाळली तो सार्वजनिक सत्याग्रह होता. त्याला जागा होती, मंडप होता, हजारो माणसं होती. हा दुसरा सत्याग्रह घरातला होता. त्याला साधन एकच, भाकरीची टोपली. बाबासाहेबांनी ती बाईच्या हातातली सत्ता ओळखली. जो श्लोक सिंधूला सांगतो की तो कसाही असला तरी वाढ, त्यालाच उत्तर होतं की तो असा आला तर वाढू नकोस. श्लोक दोनदा जळाला. एकदा होमात, एकदा चुलीपुढं.

हे एकदम आभाळातून पडलं नाही. जोतिरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. तेही घरातलंच नाटक. एक कुणबी नवरा, त्याची गरोदर बायको, आणि ग्रहदशेची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी. शेवटी नवराबायको दोघं शिकायला निघतात. दोघं, हे लक्षात घ्या. दक्षिणा प्राइज कमिटीनं ते नाटक नाकारलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षं एक नाटक कागदात पडून राहिलं, आणि ज्या नाटकात बाई सोसून मरते ते गावोगाव गाजलं. याच जोतिरावांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना दारूची दुकानं वाढवण्याला लेखी विरोध केला होता. म्हणजे दारूचा प्रश्न आपल्या चळवळीनं पांढरपेशांकडून उसना घेतलेला नाही. त्यांच्याकडं ती शोकांतिका होती. आपल्याकडं तो मजुरीचा, चुलीचा आणि इज्जतीचा प्रश्न होता.

महाड कुठं आणि अजिंठा कुठं. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. आबकारी ही त्या सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब. गावात शाळा नसायची, पण शिंदीचं दुकान असायचं. महाडचा निरोप आमच्याकडं वर्तमानपत्रातून आला नाही, कारण वाचणारं कोण होतं? तो गाण्यातून आला. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलसे उभे केले. गण-गवळण टाकून त्याजागी बाबासाहेबांचा विचार बसवला. ढोलकी तीच, गोष्ट आपल्या घरातली. पुढं गावोगावच्या पोरांनी आपापले जलसे काढले. आमचं 'एकच प्याला' ते. त्याला पडदा नव्हता, तिकीट नव्हतं, आणि बाई शेवटी मरत नव्हती.

माझ्या मायनं असाच एक जलसा पाहिला होता, लग्नाच्या आधी. बाप लेणीवर रोजंदारीनं जायचा. मजुरीच्या दिवशी उशिरा यायचा, आणि कसा यायचा ते सांगायला नको. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका रात्री बाप दारात उभा राहिला. मायनं भाकरीची टोपली उचलली, आमच्या दोघा भावांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाली, "पेऊन आलेल्याला ह्या घरात भाकर न्हाई. बाबासाहेबानं सांगितलंय."

बाप ओरडला. हातही उचलला. पण शेजारच्या दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांचं आधीच ठरलेलं असावं. बाप उपाशी निजला. एका रात्रीत काही सुटलं नाही. चार-पाच वर्षं हे असंच चाललं. त्याला टोपली मिळायची ती शुद्धीवर आल्यावरच. शेवटी त्याची कमी कमी होत गेली. माय सही करायला शिकली ती म्हातारपणी. पण महाडचं ते वाक्य तिनं अक्षर न येता वाचलं होतं.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं.

मी शिकलो, मोर्चात गेलो, भाषणं केली. १४ एप्रिलच्या वर्गणीची पावतीपुस्तकं माझ्या हातात असायची. आणि सभा उठली की आमचंही एक मदिरा मंडळ बसायचं. त्यातला 'आर्य' तेवढा आम्ही काढून टाकला होता. आम्ही म्हणायचो, चळवळीचा ताण असतो. आम्ही म्हणायचो, पांढरपेशांची नीती आम्हाला कशाला? रात्री घरी गेलो की बायको ताट वाढायची. बोलायची नाही. ती शिकलेली, मिलिंदमध्ये एक वर्ष काढलेली, पंचशील तोंडपाठ. माझ्या अडाणी मायनं जी टोपली उचलली, ती माझ्या शिकलेल्या बायकोनं माझ्यापुढं सरकवली. का? कारण मी कार्यकर्ता होतो. साहेबांचं नाव घेणारा. माझ्याविरुद्ध बोलणं म्हणजे चळवळीविरुद्ध बोलणं, असं मीच तिला कधी न सांगता पटवलं होतं. नवरा देव असतो हे मनूनं सांगितलं होतं. नवरा चळवळ असतो हे आम्ही सांगितलं.

एक दिवस ती दोन्ही मुलं घेऊन भोकरदनला माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुमच्या मायची टोपली मी उशिरा उचलते आहे." मी सुटायला दीड वर्ष लागलं. आज त्याला अकरा वर्षं झाली.

त्या रात्री थेटरात मी का रडलो हे मला एस्टीत कळलं. सिंधूसाठी नाही, सुधाकरासाठी रडलो. किती हुशार माणूस, कसा वाया गेला! या नाटकाची ताकद इथं आहे आणि धोकाही इथंच आहे. पिणाऱ्याला ते स्वतःची कीव करायला शिकवतं. मूल मारणारा नायक राहतो. आणि त्याला वाचवायला खोटं बोलणारी बाई देवी होते.

कीव मात्र सगळ्यांना मिळत नाही. १९८३ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' आलं. तेही घरातलंच नाटक. समाजवादी ब्राह्मण घरातली ज्योती, दलित कवी अरुण आठवले. तो पितो, गरोदर बायकोला मारतो. सुधाकराहून त्याचा गुन्हा मोठा नाही. सुधाकराच्या हातून तर मूल मेलं. पण सुधाकराला बघून कुणी म्हटलं नाही की वकील असेच असतात, पांढरपेशे असेच असतात. त्याचं पिणं हे त्याचं दुर्दैव ठरलं. अरुणचं पिणं हा त्याच्या जातीचा दाखला ठरला. थेटरात माना हलल्या की बघा, शिकले तरी असेच. विद्यापीठ नामांतराचा ठराव झाल्यावर १९७८ मध्ये मराठवाड्यात आपली घरं जळाली होती. ती राख गरम असताना हे नाटक आलं. तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली. १९९३ चा सरस्वती सन्मान याच नाटकाला मिळाला, तेव्हा त्यांनी स्वतःच त्या चपलेची आठवण सांगितली.

तेव्हा मी चप्पल फेकणाऱ्यांच्या बाजूचा होतो. राग खोटा नव्हता, अजूनही नाही. एका पात्राच्या खांद्यावर सगळ्या समाजाचं ओझं टाकणारा प्रेक्षक आजही बसलेला आहे. पण आज एक गोष्ट जास्त बघतो. ज्योतीही शेवटी मारणाऱ्या नवऱ्याकडंच परत जाते. १९१९ ची सिंधू आणि १९८३ ची ज्योती यांच्यामध्ये चौसष्ट वर्षं गेली. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. १९५५ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. तरी रंगमंचावरची बाई परतच जाते. आपण चप्पल फेकली ती अरुणसाठी. ज्योतीसाठी कुणी काही फेकलं नाही.

नाटकानंतरच्या रविवारी मी त्याच तीन पोरांना लेणीवर नेलं. गावात राहून ती वर्षानुवर्षं तिकडं फिरकली नव्हती. १७ नंबरच्या लेणीत थांबलो. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं काम. तिथं विश्वंतर राजपुत्राची जातककथा रंगवली आहे. व्हरांड्यातल्या चित्रात राजपुत्र आणि त्याची बायको मद्री शेजारी बसले आहेत. राज्यातून हाकलल्याची बातमी आहे, आणि त्याच्या हातात मद्याचा प्याला आहे. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पुढची कथा मी सांगितली. विश्वंतर दान देत सुटतो. हत्ती देतो, रथ देतो, पोटची पोरं एका भिक्षुक ब्राह्मणाला देतो, शेवटी मद्रीही देतो. धाकटा म्हणाला, "काका, ही तर सिंधूच की."

आहे खरी. आपल्या लेणीत आहे म्हणून झाकायचं कारण नाही. पण त्याच लेणीत आत, गाभाऱ्याच्या अलीकडं, दुसरं एक घर आहे. भला मोठा बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारात उभा, आणि समोर यशोधरा आणि राहुल. यशोधरा पोराला पुढं करते आहे, बापाकडं वारसा माग म्हणून. ती रडून पाया पडत नाही, हक्काचं मागते. आणि त्रिपिटकातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्धानं गृहस्थाला दारूचे तोटे मोजून सांगितले आहेत: पैसा जातो, भांडण वाढतं, रोग जडतो, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी मंदावते. नवऱ्याची कर्तव्यंही मोजली आहेत: बायकोचा मान राखावा, तिचा अपमान करू नये, एकनिष्ठ राहावं, घराचा कारभार तिच्या हाती द्यावा, तिला दागदागिने द्यावेत. पाचवं शील आणि नवऱ्याचं कर्तव्य एकाच उपदेशात आलं आहे. १९५६ मध्ये नागपूरला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यातही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेताना आपले आजे-आज्या शेजारी शेजारी उभे होते.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. गावातलं परवान्याचं दुकान बंद करायला महाराष्ट्रात मतदानाचा मार्ग आहे. उभी बाटली, आडवी बाटली म्हणतात ते हेच. २००८ च्या आदेशानुसार पुरेशा बायांनी सह्या देऊन मागणी केली की मतदान घ्यावं लागतं. पण नुसत्या झालेल्या मतदानात जिंकून भागत नाही. यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, माहेरी गेलेली, सासूनं घरात बसवलेली, प्रत्येक बाई विरोधात मोजली जाते. तेव्हा काम मतदानाच्या दिवशीचं नाही, सहा महिने आधीचं आहे. यादी काढा, घरं मोजा. आणि त्याआधी स्वतःचा खिसा तपासा. सभेनंतर तुम्ही कुठं बसता हे तुमच्या बायकोला माहीत आहे, आणि गावालाही.

दुसरं, जुनी नाटकं बघा. तोंड फिरवू नका. पण घरी येऊन आपल्या मायला, आजीला विचारा की त्या जागी तुम्ही काय केलं असतं. त्या जे सांगतील तो आपला इतिहास आहे. तो कुठल्या मंडळीनं खेळलेला नाही, तुम्हीच लिहायचा आहे.

येत्या ११ एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीला, आमच्या विहारात 'तृतीय रत्न'चं वाचन ठेवलं आहे. पडदा नाही, तिकीट नाही. स्टँडवर प्रश्न विचारणारा धाकटा कुणब्याचं काम वाचतो आहे. वाचन झालं की बाया बोलतील, पुरुष ऐकतील, एवढा एकच नियम. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मी बोलणार आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसा."

बसणार आहे. तुम्हीही या.

जयभीम.